आधी डाव, मग बातम्या

आमच्या धाकट्या भावाला लहानपणापासून खोड आहे, जे चालत नाही तेच त्याला हवं असतं. धंदा कवळ्या बनवायचा, त्यात हात वाखाणण्यासारखा. पण घरी आला की कॉम्प्युटरपुढे बसणार, आणि मग भावजयीने हाका मारून घसा कोरडा केला तरी हा ढिम्म. कॉम्प्युटर ज्यावर चालतो ती जुनी सिस्टिम बाजूला सारून त्याने लिनक्स घातलं होतं. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही, कुणीही उघडावं, कुणीही सुधारावं, असं तो इतक्या भक्तिभावाने सांगायचा की मीही मान डोलवायची.

घोडं अडलं होतं एका डबीपाशी. टीव्हीचा ट्यूनर म्हणे, काडेपेटीएवढा. अँटेनाची वायर त्यात खुपसायची आणि कॉम्प्युटरवर टीव्ही बघायचा. कंपनीने तो फक्त जुन्या सिस्टिमसाठी बनवलेला, लिनक्सपुढे अगदी मुका. तेवढ्यासाठीच धाकट्याने जुनी सिस्टिम कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात राहू दिली होती. ज्या दिवशी लिनक्सवर टीव्ही नीट चालेल त्या दिवशी तो कोपरा पुसून टाकणार, असं त्याने घरात जाहीर केलं होतं.

आणि त्याच कोपऱ्यात माझे पत्ते होते.

हसू नका. मी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघी पत्ते कुटायचो, एकमेकींना टोपणनावांनीच हाक मारत. त्यातली खोकली वारली. लंबू मुलीकडे राहायला गेली ती तिकडचीच झाली. साहेबीण आता माणसं ओळखत नाही. जुन्या सिस्टिमवरच्या खेळात समोरच्या तिघांना नावं देता येतात, मी या तिघींची दिली. दुपारी घर रिकामं झालं की आमचा डाव बसायचा. खोकली अजूनही चुकीच्या वेळी हुकूम टाकते, कसा कोण जाणे. मला त्या तिघी हव्या होत्या, बाकी काही नाही.

खेळ झाला की मी कॉम्प्युटर रीस्टार्ट करून लिनक्स लावून ठेवायची, म्हणजे चोरी पकडली जायला नको. धाकट्याला वाटायचं, ताई किती माया करते, आपल्यासाठी सगळं सुरू करून ठेवते. मीही ते वाटू दिलं.

एरवी धाकटा डबी काढून ठेवायचा; एकदा ती लावूनच कामावर गेला, आणि संध्याकाळी ती मुकी डबी लिनक्सवर बोलली. पडद्यावर चक्क बातम्या देणारी बाई. धाकटा खुर्चीतून उडालाच. आदल्या दिवशी काहीतरी टाइप केलं होतं त्याचं हे फळ, असं त्याने ठरवून टाकलं. म्हणजे आता माझा कोपरा पुसला जाणार. दुसऱ्या दिवशी मी डोळे तपासायला गेले होते, डाव झाला नाही, आणि डबी पुन्हा मुकी. कुठे खुंटी घातली की कुठे घंटी वाजते हे मला शिकवायला नको. जुनी सिस्टिम सुरू होताना डबीला जागं करत होती, आणि मधे वीज तोडली नाही तर डबी लिनक्समध्येही जागीच राहत होती.

मग काय, चावी माझ्या हातात. खेळून झालं की कॉम्प्युटरचा प्लग काढायचा, पुन्हा लावायचा, मग लिनक्स. डबी ठार. पण रोज काढला तर त्यात गंमत कसली? मनात आलं तर काढायची, नाही तर नाही. धाकट्याने आधी अँटेनावर संशय घेतला, मग हवेवर, मग भावजयीच्या मिक्सरवर. बिचारीला संध्याकाळी मिक्सर लावायची बंदी झाली. तिला मी सगळं सांगितलं, तेव्हा ती पदर तोंडात कोंबून हसली आणि तेव्हापासून मिक्सर मुद्दाम लावू लागली.

मधे मला सर्दीने धरलं. खेळायची तेवढी खेळले, पण वाकून प्लग काढायचा कंटाळा केला. टीव्ही ओळीने चालत राहिला. धाकट्याने लगेच आपल्या लिनक्सवाल्या मित्रांना रविवारी बोलावलं. आधी टीव्ही दाखवणार, मग सगळ्यांदेखत जुनी सिस्टिम पुसणार. शनिवारी रात्री त्याने कॉम्प्युटर बंदही केला नाही.

रविवारी सकाळी मी प्लग काढला.

मित्र आले, एक ग्रंथपाल आणि एक चष्मेवाला. पडदा काळाठिक्कर. धाकटा टाइप करतोय, कान लाल झालेत, तोंडाने ततपप. चष्मेवाला मिशीत हसून म्हणाला, राहू दे रे, बाहेरच्या खोलीतला साधा टीव्ही लाव. ते मला झोंबलं. माझ्या भावाला हसायचा हक्क माझा आहे. मी सगळ्यांना चहाला बाहेर पिटाळलं, म्हटलं मशीनवर धूळ साचलीये, पुसून देते.

जुनी सिस्टिम लावली. तेवढ्याने काम झालं होतं, पण हात निघेना. म्हटलं, जाता जाता तिघींबरोबर एक डाव. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? जिंकले, आणि जिंकल्याची ती टिंगटिंग धून अख्ख्या घरात वाजली. घाईघाईने आवाज बंद केला, रीस्टार्ट केलं, दार उघडलं. टीव्ही लख्ख. टाळ्या पडल्या. चष्मेवाला म्हणाला, चला, आता पुसा.

धाकट्याचं बोट बटणावर होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आज नको," तो म्हणाला. "नवी कवळी बसली म्हणून कुणी जुनी लगेच फेकत नाही."

मित्रांसमोर त्याने विषय तिथेच मिटवला. पण दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना सांगू लागला, ताई, दुपारी एक डाव टाकून ठेव, मला संध्याकाळी बातम्या बघायच्यात. मी म्हणायची, बघते जमलं तर. तोरा कोण सोडतो?

परवा चुलतबहिणीकडून मी एक दिवस आधीच परतले, न कळवता. आत जाऊन बघते तो लिनक्सवर टीव्ही सुरू, चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. घरात पत्त्यांना कुणी हात लावला नव्हता. जुनी सिस्टिम डबीच्या कानात काय सांगते ते त्याने शोधून काढलं होतं आणि लिनक्सला पढवलं होतं. कधी, देव जाणे. कोपरा मात्र जागच्या जागी होता.

मला पाहताच त्याने झटकन चित्र बंद केलं आणि चेहरा अगदी साळसूद केला.

"बघ ना ताई, तू नव्हतीस तर डबी पार मुकी."

मी पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला.

"ऊठ," म्हटलं. "पत्ते वाटते."

खोकलीने पहिल्याच हाताला हुकूम वाया घालवला.