जुलियाना माझ्यावर पियानो शिकली

मित्रांनो, मला पियानो म्हणायचे की नाही, यावरून मी या घरात आलो त्याच दिवशी वाद झाला. एरॉलने मला खोक्यातून बाहेर काढले, तेव्हा त्याचे वडील रुडॉल्फ काठी टेकत ओट्यावरून आत आले. त्यांनी माझ्या एका पट्टीवर बोट दाबले, आवाज ऐकला आणि म्हणाले, "हा पियानो नव्हे. पियानोचं चित्र आहे."

त्यांचेही खरेच होते. माझ्या पोटात तारा नाहीत, लाकडी हातोड्या नाहीत. मी विजेवर बोलतो. माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे शेकडो जण एकाच दिवशी तयार होत. मग थर्मोकोलमध्ये बंद होऊन मी समुद्रावरून आलो आणि वसई रोडच्या एका दुकानातून एरॉलने मला उमेळे गावातल्या या घरी आणले. त्या वर्षी शाळा बंद होत्या. त्याची मुलगी ॲनिशा घरात बसून कंटाळली होती. तिच्यासाठीच मला आणले होते.

मला खिडकीपाशी ठेवले. खिडकीबाहेर केळी आणि सोनचाफा होता, आणि त्यामागे एका नव्या इमारतीचे बांबू दिसत. ॲनिशाने एका वायरने मला कॉम्प्युटरला जोडले. त्यात पियानो शिकवणारे सॉफ्टवेअर होते. पडद्यावर रंगीत पट्ट्या वरून खाली येत. ज्या सुराची पट्टी खाली येई, तो सूर माझ्यावर वाजवायचा. बरोबर वाजला की हिरवा रंग, चुकला की लाल. धड्याच्या शेवटी चांदण्या मिळत. ॲनिशाला पुष्कळ चांदण्या मिळाल्या. शेजारची शर्ली तिला खिडकीतून ऐकायची आणि टाळ्या वाजवायची. ते माझे कौतुकाचे दिवस होते. पण शाळा उघडली, आणि ॲनिशा मला विसरली. माझ्यावर चादर आली, चादरीवर इस्त्रीचे कपडे आले.

ती चादर एका दुपारी जुलियानाने काढली. जुलियाना म्हणजे एरॉलची बायको. सकाळी घरचे आवरल्यावर आणि संध्याकाळी दातांच्या दवाखान्यात रुग्णांची नावे-नंबर लिहायच्या कामाला जाण्याआधी तिला दुपारचा थोडा वेळ मिळत असे. तिने कॉम्प्युटर लावला, पहिला धडा उघडला आणि एका बोटाने सुरुवात केली. तिच्या बोटांना चाफ्याचा आणि भांड्यांच्या साबणाचा वास होता.

खरे तर तिला घरातच गुरू होता. रुडॉल्फ तरुणपणापासून चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आले होते. अर्ध्या गावाची लग्ने आणि सगळ्या गावाचे अंत्यविधी त्यांच्या हातून गेले होते. अलीकडे हात थरथरू लागले, म्हणून त्यांनी वाजवणे सोडले होते. एकदा जुलियाना त्यांच्यासमोर उभी राहिली. हे लोक घरात आपल्या गावठी बोलीत बोलत. मी तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगतो.

"बाबा, थोडं दाखवाल का?" तिने विचारले. "मशीन नुसतं बरोबर की चूक एवढंच सांगतं."

"तुला कशाला हवं हे आता?"

"आवडतं म्हणून."

"मग मशीनलाच विचार," रुडॉल्फ म्हणाले. "मी शिकलो तेव्हा चुकलो की बोटांवर पट्टी बसायची. तुम्हाला चांदण्या मिळतात."

तिने पुन्हा विचारले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत माझ्यापुढे बसली.

मित्रांनो, त्या सॉफ्टवेअरमध्ये दोन तऱ्हा होत्या. एका तऱ्हेत गाणे आपल्या वेगाने पुढे जाई. तुम्ही मागे राहिलात तर राहिलात. दुसऱ्या तऱ्हेत तुम्ही योग्य पट्टी दाबेपर्यंत पडदा तिथेच थांबून राही, मग कितीही वेळ लागो. जुलियानाने पहिली तऱ्हा करून पाहिली. पडदा सगळा लाल झाला. तिने मुकाट्याने दुसरी निवडली आणि मग तीच धरून ठेवली. तिच्यासाठी कुणी थांबते आहे, याची तिला सवय नव्हती. ते तिला फार आवडले.

आतल्या खोलीत तिची सासू डेल्फिन अंथरुणाला खिळलेली होती. चर्चमध्ये म्हणायचे एक अर्पणगीत डेल्फिनला फार प्रिय होते. लग्नाआधी ती ते गायची आणि रुडॉल्फ ऑर्गनवर असायचे, तिथेच त्यांचे जमले, असे शर्ली सांगायची. जुलियानाने ते गीत शिकायला घेतले. आतून डेल्फिन हलक्या आवाजात गाऊ लागली. जुलियाना अडली की डेल्फिनही थांबायची, श्वास धरून वाट पाहायची, आणि सूर सापडला की दोघी पुढे निघायच्या.

अडायची जागा एकच होती. तिसऱ्या ओळीत उजव्या हाताचा सूर लांब धरायचा असतो आणि डावा हात खाली दूरच्या पट्ट्यांवर न्यायचा असतो. जुलियाना आधी सूर संपवायची, मग डावा हात उचलायची. तेवढ्यात गाणे तुटायचे. ओट्यावर रुडॉल्फ काठीने फरशीवर हलका ठेका धरून बसलेले असत. ती अडली की काठी एकदोन ठोके एकटीच पुढे जायची आणि मग गप्प व्हायची. मी ते रोज ऐकत होतो. ती का अडते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण ते एकदाही आत आले नाहीत.

शेवटच्या आजारात डेल्फिनने सगळ्यांना जवळ बोलावले. दार उघडे होते, म्हणून मला ऐकू आले.

"मी गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये माझ्यासाठी मिस्सेची प्रार्थना होईल, तेव्हा ते गीत म्हणा," ती म्हणाली. "आणि जुली वाजवेल."

"आई, मला अजून नीट येत नाही," जुलियाना म्हणाली.

"तुला येतं तसंच मला चालतं."

रुडॉल्फ उठले. काठी टेकत बाहेर निघून गेले. आयुष्यभर आपण जे वाजवले, ते बायकोने शेवटी सुनेकडे मागितले, हे त्यांना सोसले नाही.

डेल्फिन गेली. जुलियाना त्यानंतर आणखी नेटाने बसू लागली. मिस्सा जवळ आली तेव्हा ती धीर करून पुन्हा रुडॉल्फकडे गेली.

"बाबा, शिकवू नका. फक्त माझ्याबरोबर एकदा गा. मला वेग कळेल."

"तुझ्या सासूने तुला निवडलंय," रुडॉल्फ म्हणाले. "तूच बघ."

चर्चच्या ऑर्गनवर हात बसलेला नाही, म्हणून जुलियानाने मला न्यायचे ठरवले. गायनमंडळाचा प्रमुख गॉडफ्रे याने मला गाडीत घातले. जुलियानाने त्याला आधी सराव घेऊ या म्हणून विचारले होते. "अगं, सगळ्यांना पाठ आहे ते गीत," तो म्हणाला होता. "तू ये फक्त."

मला गायकांच्या बाजूला उभे केले. चर्च भरलेले होते. ॲनिशा पहिल्या बाकावर फोन उभा धरून चित्रण करत होती. तिच्या शेजारी एरॉल आणि कडेला रुडॉल्फ. अर्पणाची वेळ झाली. जुलियानाने माझ्यावर हात ठेवले. पहिल्या दोन ओळी तिने सुरेख वाजवल्या. एरॉलने मान वर करून तिच्याकडे पाहिले. त्याने तिला कधी धडपणे ऐकलेच नव्हते.

मग तिसरी ओळ आली. सूर संपला आणि तिने डावा हात उचलला. रोज तिथे पडदा थांबायचा, डेल्फिन थांबायची. आज कुणी थांबले नाही. गायक पुढे गेले. ती त्यांना गाठायला धावली, तिथे बोट चुकले. पुन्हा सुरुवातीची जागा शोधू लागली, तोवर ते आणखी पुढे. बेसूर ऐकून एक गायक अडखळला, मग दुसरा, आणि गीत मध्येच विरले. मागच्या बाकांवरच्या माना वळल्या. ॲनिशाने फोन खाली घेतला.

रुडॉल्फ उठले. काठी बाकाला टेकवून माझ्यापाशी आले.

"ऊठ," ते म्हणाले.

जुलियाना उठली आणि बाजूला भिंतीपाशी उभी राहिली. त्यांचे हात थरथरत होते, पण माझ्यावर टेकताच स्थिर झाले. गीत पहिल्यापासून सुरू झाले. तिसऱ्या ओळीत उजव्या हाताचा सूर लांबत होता, तेवढ्यात त्यांचा डावा हात आधीच उचलला जाऊन नव्या जागी जाऊन बसला होता. एवढेच होते. सूर संपायच्या आधी हात हलवायचा. एका वाक्यात सांगण्यासारखी गोष्ट. जुलियाना ती जागा पाहत होती, हे मला दिसले.

मिस्सेनंतर लोकांनी रुडॉल्फना गराडा घातला. "काय हात आहे अजून," कुणी म्हणाले. "डेल्फिनबाई वरून ऐकत असतील." रुडॉल्फ मान हलवत राहिले. गॉडफ्रे माझी वायर गुंडाळताना जुलियानाला म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. तू एकटी शिकलीस, म्हणून असं झालं."

"एकटी कोण मुद्दाम शिकतं?" जुलियाना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर गेल्यावर तिने माझी वीज लावली. कॉम्प्युटर लावला नाही. तिने ते गीत पहिल्यापासून वाजवले, चर्चमधल्या वेगाने. तिसऱ्या ओळीत तिचा डावा हात सूर संपायच्या आधी निघाला आणि वेळेवर पोचला. ती कुठेही अडली नाही. शेवटचा सूर मिटेपर्यंत तिने बोटे उचलली नाहीत. मग तिने माझी विजेची वायर काढली, कपाटात टाकली आणि माझ्यावर चादर घातली. माझ्या आयुष्यात माझ्यावर इतके चांगले कुणी वाजवले नाही, आणि ते कुणी ऐकले नाही.

आता ॲनिशा परदेशात शिकायला गेली आहे. एरॉल सकाळी जातो तो उशिरा येतो. घरात दुपारी रुडॉल्फ आणि जुलियाना दोघेच असतात. तिने त्यांच्या जेवणात, औषधात कधी कमी केले नाही. बोलायचे मात्र कामापुरतेच. परवा जेवण झाल्यावर रुडॉल्फ ताटापाशी तसेच बसून राहिले.

"जुलियाना," ते म्हणाले, "डेल्फिनचं ते गीत वाजवतेस का? घर फार गप्प वाटतं."

तिने त्यांचे ताट उचलले. "मला ते येत नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही बघितलंत ना."

ती आत भांडी घासत राहिली. रुडॉल्फ माझ्यापाशी आले, चादर सारली आणि स्वतःच वाजवू लागले. हात आता पार गेले आहेत. तरी त्यांनी एकेक पट्टी शोधून दाबली. वायर कपाटात होती, त्यामुळे माझ्यातून आवाज निघेना. ते जोराने दाबू लागले. आतून जुलियाना पदराला हात पुसत दारापर्यंत आली. वायर कुठे आहे ते तिला ठाऊक होते. ती थोडा वेळ उभी राहिली आणि परत आत गेली.

संध्याकाळी रुडॉल्फ एरॉलला म्हणाले, "तो बिघडलाय. देऊन टाक कुणाला."

म्हणून मी आज ओट्यावर भंगारवाल्याची वाट पाहत उभा आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपा, असे मी सांगणार नाही. माझ्यासारखे दुकानात पुष्कळ मिळतात. पण तुमच्या घरात कुणी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत असेल आणि एकाच जागी चुकत असेल, तर उठून आत जा. तिला काय चुकते ते तुम्हाला माहीत असेल, तर त्याच दिवशी सांगा. नंतर तिचे तिला सापडते, आणि मग ती तुमच्यासाठी वाजवत नाही.