सासूबाईंच्या कॉम्प्युटरचे दोन जावई

सासूबाईंचा कॉम्प्युटर म्हातारा झालाय, हे थोरल्या जावयाला कबूल होतं. पण म्हातारा झाला म्हणून त्याला धाकट्याने हात लावायचा, हे कुठलं शास्त्र?

दहा-अकरा वर्षांपूर्वी तो डबा थोरल्यानेच आणला होता, जोडला होता आणि खिडकीखालच्या टेबलावर बसवला होता. थोरला फ्रिज दुरुस्त करायचा आणि त्याचा हिशेब सरळ होता. यंत्र चालतंय ना? मग त्याच्या वाटेला जायचं नाही. म्हणून अपडेट त्याने पहिल्याच वर्षी बंद करून टाकले. व्हायरस अडवणाऱ्या प्रोग्रामची मुदत संपली ती संपलीच. आणि सगळ्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्याने स्वतःच्या डोक्यात ठेवला. सासूबाई शिवणशिक्षिका. निवृत्त झाल्या, तरी फ्रॉकचे नि कोटांचे कापणीचे नमुने कॉम्प्युटरवर काढून जुन्या विद्यार्थिनींना पाठवत असायच्या. मधेच पडद्यावर चौकट यायची, पासवर्ड मागायची, की यांचा फोन.

"जावईबापू, ते पुन्हा विचारतंय हो!"

झालं! थोरला हातातलं काम टाकून धावत सुटायचा. तिकडे गिऱ्हाइकाच्या फ्रिजचं पाणी फरशीभर का होईना! जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून, बोटं लपवून पासवर्ड टाकायचा. बायको वैतागायची. "सांगून टाका की एकदा आईला." हा गंभीर चेहरा करून म्हणायचा, "सुरक्षेचा प्रश्न असतो."

सुरक्षा कसली डोंबलाची! त्याचे आईवडील लवकर गेले, ना भाऊ ना बहीण. तुमच्यावाचून आमचं अडलंय, असं त्याला म्हणणारं जगात एकच घर होतं. त्या घरातलं त्याचं सगळं स्थान त्या एका चौकटीवर उभं होतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि अशात धाकट्या मेहुणीचं लग्न झालं. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. हळू बोलणारा, हसरा, कुणालाही आवडावा असा. थोरल्याला तो त्याच कारणाने आवडला नाही. त्यात पठ्ठ्या पहिल्या दिवसापासून सासूबाईंना सरळ "आई" म्हणायला लागला. थोरल्याला इतक्या वर्षांत "अहो" च्या पुढे जाता आलं नव्हतं. शब्द तोंडाशी यायचा आणि लाजून परत जायचा.

एकदा चहा पिता पिता चष्मेवाला म्हणाला, "आई, या सिस्टिमला सुरक्षेचे अपडेट यायचे केव्हाच थांबलेत. रस्त्यावरचं दार सताड उघडं टाकून झोपल्यासारखं आहे हे. बदलायला हवी."

"त्याच्यावर नवी चढायचीच नाही," थोरला तडकला. "डबाच नवा घ्यावा लागेल."

"चढेल दादा. मी तपासून पाहिलं. मेमरी वाढवू, डिस्क बदलू. मशीन चांगलं ठेवलंय तुम्ही."

कौतुक केलं होतं बिचाऱ्याने, पण थोरल्याला ते जखमेवर मीठ चोळल्यासारखं लागलं.

ठरलेल्या दिवशी थोरला न बोलावता हजर. "सहज आलो," म्हणाला. खुर्ची ओढून धाकट्याच्या पाठीमागेच बसला. धाकट्याने आधी सगळे नमुने एका बाहेरच्या डिस्कवर उतरवले आणि त्यातले पाचसहा उघडून बघितले. "हे नीट उतरलं, तरच पुढचं," म्हणाला. थोरल्याच्या मनात हे कधी आलंच नव्हतं. डिस्क बंद पडली असती त्या दिवशी सासूबाईंची सगळी मेहनत गेली असती, हे त्याला कळलं, आणि ते या माणसाकडून कळावं याचा संताप आला. तो मनात घोकत बसला, अडक बाबा, कुठेतरी अडक.

अडकलं! चौकट आली. थोरला ताडकन उठला. "मी टाकतो, सरका."

"टाका ना," धाकटा म्हणाला. "पण मोठ्याने सांगा, आईंनाही कळू दे. यंत्र त्यांचंच आहे."

सगळे बघायला लागले. थोरल्याने घसा साफ केला.

"एक, दोन, तीन."

"हं."

"चार, पाच, सहा."

"पुढे?"

"संपला."

आणि सासूबाईंना जे हसू फुटलं! पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, एवढ्यासाठी मी तुम्हाला भर उन्हातून पळवत होते होय!" बायकोसुद्धा हसली. फक्त धाकटा हसला नाही, आणि त्याचाच थोरल्याला सर्वांत जास्त राग आला. हसला असता, तर निदान भांडता आलं असतं.

संध्याकाळपर्यंत तो म्हातारा डबा तुरुतुरु चालायला लागला. धाकट्याने पडद्यावरची अक्षरं मोठी केली, "हे बरं दिसतं, की हे?" असं दुकानातल्यासारखं विचारत. रोजच्या कामासाठी सासूबाईंना साधं खातं करून दिलं, म्हणजे चुकून काही दाबलं तरी मोठं नुकसान व्हायचं नाही. सगळे अधिकार असलेलं खातं वेगळं ठेवलं आणि त्याचा लांबलचक पासवर्ड सासूबाईंनाच ठरवायला लावला, स्वतः तोंड फिरवून. अपडेट आपोआप येतील, नमुन्यांची प्रत आपोआप निघेल, अशी सोय केली. आणि शिकवलं, "मेलमध्ये कुणी घाबरवलं, घाई केली, की समजायचं चोर. हात काढून घ्यायचा. आधी चहा प्यायचा. मग पुन्हा वाचायचं."

सासूबाई हरखून गेल्या. "जावईबापू, सोन्याचे हात आहेत हो तुमचे!"

"अहो, त्यात काय एवढं," थोरल्याने सवयीने मान वर केली. सासूबाई धाकट्याकडे बघत होत्या.

आजवर जावईबापू म्हणजे तोच! त्याच्या अंगाचा असा तिळपापड झाला की चपला घालताना डावी-उजवीचा पत्ता राहिला नाही.

त्यानंतर सासूबाईंचे फोन बंद. एक आठवडा गेला, दुसरा गेला. फोनला काही झालंय की काय म्हणून थोरल्याने बायकोला शेजारच्या खोलीतून फोन करायला लावला. वाजला मेला, ठणठणीत! "तिकडचा कॉम्प्युटर बरा आहे ना?" तो जेवताना विचारायचा. "उत्तम," बायको म्हणायची. "तुम्हाला वाईट वाटल्यासारखं दिसतंय." तो घटाघटा पाणी प्यायचा. तिकडे चष्मेवाला जात असेल, चहा पीत असेल, आई आई करत असेल, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

आणि एका दुपारी, आपल्या दुरुस्तीच्या दुकानात कुणी नसताना, या शहाण्याने काय करावं? नवीन मेलचा पत्ता काढला, "सुरक्षा विभाग" असं नाव दिलं आणि सासूबाईंना मेल धाडला. "आपल्या कॉम्प्युटरला गंभीर धोका आहे. नवीन सिस्टिम आपल्या मशीनला मानवलेली नाही. ताबडतोब आपल्या जुन्या, अनुभवी माणसाशी संपर्क साधावा." आपण चोरासारखं काहीतरी केलं, हे कळत होतं. पण फोन त्याने समोर, पान्यांच्या शेजारी, आवाज पूर्ण वाढवून ठेवला.

तासाभरात वाजला.

"जावईबापू," सासूबाईंचा आवाज.

थोरल्याचं काळीज सुपाएवढं झालं. "काय झालं? विचारतंय का? निघतोच मी!"

"थांबा, थांबा. मेल आलाय एक. वाचून दाखवते." त्यांनी सगळा वाचला, सावकाश, शिवणवर्गात सूचना द्याव्यात तसा.

"बाप रे," थोरला म्हणाला. "गंभीरच दिसतंय."

"मीही घाबरले आधी. मग चहा केला, प्यायले, परत वाचला." त्या जरा थांबल्या. "अहो, चोर म्हणतो इथे दाबा, पैसे भरा. हा म्हणतो, जुन्या माणसाला बोलवा. इतका गुणी चोर कुठे असतो हो?"

थोरल्याचे कान तापले. समोर उघडा पडलेला फ्रिज नुसता गुरगुरत होता. जे विचारायला नको तेच त्याने विचारलं.

"त्याला सांगितलंत?"

"नाही. त्याने शोधून काढलं असतं, कुठून आलाय ते. मी पुसून टाकला."

आता तरी माणसाने चुकलो म्हणावं की नाही? पण याच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"तो तुम्हाला आई म्हणतो. मला नाही जमत."

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला.

"रविवारी या," सासूबाई म्हणाल्या.

"काय बिघडलंय?"

"काही बिघडलेलं नाही."

"मग येऊन करू काय?"

"काही करू नका. नुसते या."

थोरल्याने फ्रिजच्या दारावर बोटाने उगाच रेघ ओढली.

"रविवारी तो पण असेल?"

"असेल की. धाकटी नि तो, दोघंही यायची आहेत."

"मग मी शनिवारी येतो," थोरला म्हणाला.

सासूबाई हसल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या, "शनिवारी या. वाट बघते."