लहरीबाबांची धूळ

इंटरनेट कंपनीच्या कचेरीत माणसं जिन्यापर्यंत दाटीवाटीनं उभी होती आणि चक्क धूळ चाटत होती. मोठ्या राउटरच्या पंख्यावर साचलेली काळी, तेलकट धूळ लहरीबाबा चिमटीनं काढायचे आणि प्रसाद म्हणून एकेकाच्या जिभेवर ठेवायचे. मी जन्मभर थापा मारत आलोय. माझ्या एका गोष्टीत तर म्हैस विमान चालवते. पण माझी थाप ऐकून कुणी घाण गिळली नाही, एवढी अब्रू मी राखलीय.

लहरीबाबा म्हणजे कंपनीच्या मालकाचा मेहुणा. वेगवान सेवा घेतलेल्या गिऱ्हाइकाचं नेट पहिल्यासारखंच रांगायचं. मग बाबा डोळे फिरवून सांगायचे, "घरची नेटची डबी बंद करा. लहरींना श्वास घेऊ द्या. माझं नाव घ्या, मग चालू करा." आणि खरंच नेट धावायला लागायचं.

माझी धाकटी बहीण त्याच इमारतीत वर राहते. तिची फुप्फुसं थकलीत. बोटाला लावलेल्या यंत्राचे आकडे नेटवरून डॉक्टरीणबाईंना दिसतात. त्यांच्याशी समोरासमोर बोलताही यावं म्हणून भाच्यानं वेगवान सेवा घेतली. फरक पडेना, तसा तो बाबांना घरी घेऊन आला.

"या घरात शंका राहते," बाबा माझ्याकडे बघत म्हणाले. "लहरी फार मळल्यात. डबी संध्याकाळपर्यंत बंद."

"आणि आईचे आकडे?"

"ते मी बघतो."

मी विरोध केला. पण मामा थापा मारतो, हे भाच्याला पाळण्यात असल्यापासून माहीत.

दुपारी डॉक्टरीणबाई धापा टाकत जिना चढून आल्या. पडदा कोरा झाला म्हणून दवाखाना सोडून धावल्या होत्या. धाकटीचे ओठ निळे पडले होते आणि त्यांवर ती काळी धूळ. आजारी बाईलाही चाटवली होती. डॉक्टरीणबाईंनी ओठ पुसले, प्राणवायू वाढवला, श्वास ताळ्यावर येईपर्यंत हात धरून बसल्या. मग डबी चालू केली. नेट सुसाट.

"बघा, बाबांची कृपा," भाचा पुटपुटला.

"कृपा, की नुसतं बंद-चालू?" बाई म्हणाल्या. "चल खाली."

कचेरीशेजारच्या शिंप्यानंही नवी सेवा घेतली होती. त्याच्या फोनवर सिनेमा जागीच गोल गोल फिरत होता. बाई बाबांना म्हणाल्या, "यांच्या डबीवर हात ठेवा. बंद मात्र करायची नाही."

बाबांनी हात ठेवला, घुमले, घामाघूम झाले. सिनेमा हलेना.

"लहरींना विराम लागतो, ताई."

"देऊ की. शिंपीकाका, डबी बंद करा. आता म्हणा, बाबा लबाड आहे."

"यांच्यासमोर?"

"समोरच."

काकांनी खाली बघत तसं म्हटलं, डबी चालू केली, आणि सिनेमातली नायिका पळायलाच लागली. थोड्याच वेळात इमारतीतल्या दर खिडकीतून 'बाबा लबाड आहे'चा गजर सुरू झाला. सगळ्यांचं नेट धावलं.

शेवटी मालकानं तोंड उघडलं. "आमच्या राउटरची ती मर्यादाच आहे. चालू जोडणीला नवी सेवा लागू होत नाही. जोडणी तुटून पुन्हा जुळली, की होते."

"मग तेवढंच सांगायचं होतं."

"लोक म्हणाले असते, कंपनीचं यंत्र जुनं आहे."

"म्हणून माझ्या पेशंटला धूळ चाटवलीत?"

बाबा मागच्या दारानं पसार. भाचा बाहेरच्या नळावर कितीतरी वेळ चूळ भरत होता.

संध्याकाळी धाकटी मास्कमधून म्हणाली, "दादा, तुझी म्हैस बरी रे. तिनं माझं यंत्र कधी बंद नाही केलं."

यंत्राला मर्यादा असते, त्यात लाज कसली? लाज ती झाकून तिचा चमत्कार विकण्यात आहे. म्हणून माझं एकच मागणं आहे, आणि ही थाप नाही. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर त्यातून बाबा वजा करून बघा. उरलं ते आधीइतकंच भरलं, तर धूळ पंख्यावरच राहू द्या.