म्युझियमची कॅसेट

नागोजीनं कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली आणि तो बहीण अंबुबाईशेजारी येऊन बसला. त्याच्या बायकोचं, राजलक्ष्मीचं, पहिलं मासिक श्राद्ध त्याच सकाळी झालं होतं. जेवणं उरकल्यावर अंबुबाई म्हणाली होती की वहिनीला एकदा मला बघू दे. राजलक्ष्मी चालते-बोलते अशी एकच कॅसेट घरात होती, नात भूमिकाच्या बारशाची. तीत ती पाळणा म्हणते.

पडद्यावर काचेचा मोठा पिरॅमिड आला. मग लांबलचक दालन, भिंतभर चित्रं आणि त्यांच्यामधून धावणारी दोन गोरी पोरं. मागे टोपी सावरत पळणारा पहारेकरी. पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये शाळेच्या सहलीतून चुकलेल्या बहीणभावांचा तो इंग्रजी सिनेमा होता.

नागोजीनं कॅसेट पुढे पळवली, मागे आणली, पुन्हा पुढे पळवली. शेवटपर्यंत म्युझियमच होतं.

अंबुबाई म्हणाली, दुसरी लागली असेल. त्यानं ती बाहेर काढली. चिठ्ठीवर अक्षर त्याचंच होतं. कुणी वर दुसरं काही भरू नये म्हणून कडेचा प्लास्टिकचा तुकडा त्यानं स्वतः मोडला होता. त्या खाचेवर आता चिकटपट्टी लावलेली होती. म्हणजे हे चुकून झालेलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास कॅसेटला बुरशी धरली, तेव्हा राजलक्ष्मी ती साफ करायला शिवाजीनगरात बिंदुमाधवच्या व्हिडिओ लायब्ररीत देऊन आली होती. परत आणली ती कपाटात गेली. पुढे कार्तिकात राजलक्ष्मीनं अंथरूण धरलं आणि कॅसेट लावायची कुणाला आठवण राहिली नाही.

"त्याला विचार तरी," अंबुबाई म्हणाली.

"विचारलं की तो माफी मागेल. मग मी काय करू?"

नागोजीनं चाळीस वर्षं गणवेश शिवले होते. चुकलेली शिवण उसवून पुन्हा घालता येते. ही येणार नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तो लायब्ररीत जाऊ लागला. रोज एक सिनेमा आणायचा आणि नीट बघायचा. सगळ्या कॅसेटी दुकानातच बेकायदा नक्कल केलेल्या होत्या. चौथ्या दिवशी त्यानं कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून इंग्रजीत अर्ज करून घेतला आणि पोलीस ठाण्यात दिला. इन्स्पेक्टरनं वाचला. गुरुवारी येऊन दुकानातली मशीनं उचलू, म्हणाला. काही बदल असला, अर्ज मागे घ्यायचा असला, तर बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत मी इथे आहे, हेही सांगितलं. मशीनं लवकर परत मिळतात का, असं नागोजीनं विचारलं. वर्ष-दोन वर्षं तरी नाही, असं उत्तर मिळालं.

"सरी, ठीक आहे," नागोजी म्हणाला. त्या दिवशी महिन्याभरानं त्याला जेवण गेलं.

बुधवारी दुपारी तो दुकानात गेला. अर्जाचं तो सांगणार नव्हता. उद्या ज्याचं दुकान बंद पडणार त्याचं तोंड त्याला आज बघायचं होतं. त्यानं कॅसेट काउंटरवर ठेवली.

"यावर माझी बायको होती."

बिंदुमाधवनं टीव्हीचा आवाज बंद केला. दारातल्या गिऱ्हाइकाला नंतर यायला सांगितलं.

"अक्कांनीच भरून घेतला हा सिनेमा, अण्णा."

"मेलेल्या माणसावर ढकलायला सोपं असतं."

"मी तीनदा नको म्हटलं. नवी कॅसेट देतो म्हटलं. नाही, यावरच भर म्हणाल्या. नातीनं बघावा असा चांगला सिनेमा काढ म्हणाल्या. मी हा लावून दाखवला. इथे उभ्यानंच सगळा बघितला त्यांनी. ती चित्रं आली की मला थांबवायला सांगायच्या."

"पण का?"

"ते मला विचारू नका."

नागोजी हलला नाही. बिंदुमाधवनं फडकं घेऊन स्वच्छ काउंटर पुन्हा पुसला.

"म्हणाल्या, पाहुणे आले की आमचे हे तेवढाच पाळणा लावतात. आता ते स्वल्प, थोडं तरी, बंद होऊ दे."

नागोजीला तो भाग तोंडपाठ होता. बारशाला व्हिडिओवाल्यानं दिवा तिच्यावर धरला आणि ती जन्मात पहिल्यांदा चार माणसांत गायला लागली. दुसरी ओळ निम्मी झाली आणि कॅमेऱ्यामागून नागोजी म्हणाला, "पुरे गं, पोर पाळणा सोडून पार होसकोटे गावाला पळेल." सगळे हसले. पदर तोंडाला लावून ती थांबली. तीन वर्षं घरी येईल त्याला नागोजीनं ते दाखवलं होतं. आता बघा, आता बघा, असं म्हणत मागे नेऊन पुन्हा दाखवलं होतं.

"ती पण हसायची," तो म्हणाला.

बिंदुमाधवनं फडक्याची घडी घालून ते बाजूला ठेवलं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही. शपथ घातली होती अक्कांनी. तुम्ही माझ्यावर आळ घेतला म्हणून तोंड उघडलं."

त्यानं शेजारून कॉफी मागवली. नागोजीनं ती उभ्यानंच प्यायली. समोर फळीवर चार मशीनं चालू होती. चारांवर लाल दिवे होते. हे सगळं माहीत असलेला एकमेव माणूस काउंटरपलीकडून त्याच्याकडे बघत होता आणि ते बघणं नागोजीला सोसेना. त्यानं कॅसेट पिशवीत टाकली. ठाणं पाच मिनिटांच्या वाटेवर होतं. तो बसस्टँडकडे वळला.

घरी भूमिका आली होती. टीव्ही लाव म्हणून मागे लागली. त्यानं म्युझियमची कॅसेट लावली. पोरं धावायला लागली तशी ती टाळ्या पिटायला लागली. अंबुबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. काय म्हणाला तो, तिनं विचारलं.

"म्हणाला, चुकून झालं."

"बघ. मेल्याला लाज तरी वाटली का?"

नागोजीनं मान हलवली. हो की नाही, ते अंबुबाईला कळलं नाही. पडद्यावर पहारेकरी एका चित्रासमोर दम खात उभा होता. भिंतीवरच्या घड्याळात सहाला दहा कमी होते, मग पाच, मग सहा वाजून गेले.

अर्ज मागे घ्यायचा राहिला होता.