विशाखाचं कॅलिपर

पुण्याच्या कारखान्यात आपण नक्की काय करतो, हे देवमनला आपल्या गावी, किन्हीराजात, कुणालाच समजावता आलं नव्हतं. यंत्राच्या भागाच्या नकाशावरून आकडे काढायचे, आकड्यांप्रमाणे कागदी फितीला भोकं पाडायची आणि ती फीत मशीनला भरवायची. मग मशीन आपलं आपण लोखंड कापतं. शेजारचे शेषराव हे सगळं शांतपणे ऐकून म्हणाले होते, "म्हंजे कागदाले भोकं पाडाचा पगार भेटते तुले?" तपशिलात चूक नव्हती.

या खेपेला मात्र तो पुरावाच घेऊन आला. त्याची लेक विशाखा पोलिओनं डावा पाय लुळा पडल्यापासून बसल्या बसल्या सरकायची. त्याची बायको दुर्गाबाई तिला कडेवर घेऊन शाळेत सोडायची. पण पोर आता जड झाली होती आणि दुर्गाबाईला पुन्हा दिवस गेले होते. विशाखा आपल्या पायांनी गेली नाही तर शाळा सुटणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. म्हणून देवमननं साहेबांची परवानगी काढून, उरल्यासुरल्या पोलादातून तिच्यासाठी लुळ्या पायाला आधार देणारं कॅलिपर बनवलं. दोन सळ्या, गुडघ्याशी बिजागरी, वर-खाली चामड्याचे पट्टे. बिजागरीत केसाएवढीही ढिलाई नाही.

ओट्यावर माणसं जमली.

"अबे, आरशावानी चमकून राह्यलं हे तं!" शेषराव म्हणाले. "याच्यात तं दाढी करता येईन."

देवमननं ते विशाखाच्या डाव्या पायाला लावलं. पाय आत गेला आणि हरवला. पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढले, तरी मांडी आत लोळत राहिली. बिजागरी गुडघा सोडून खाली नडगीवर आली.

"अवो, माप कोनत्या पायाचं घेतलं तुमी?" दुर्गाबाईनं हळूच विचारलं.

उजव्या. दोन्ही बाजू सारख्या असल्या, की नकाशात मधोमध रेघ मारून एकच बाजू काढायची, दुसरी तशीच समजायची. हा त्याच्या हाताचा रोजचा सराव. सरावावर ढकलता आलं असतं तर बरं होतं. पण भीमजयंतीच्या सुट्टीत माप घेताना लेकीनं डावा पाय परकराखाली लपवला होता, आणि त्यानं तो लपवू दिला होता. त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं.

कुणी हसलं नाही. शेषरावसुद्धा हसले नाहीत, तेव्हा देवमनला खरी शरम वाटली.

विशाखानं मात्र पट्टे सोडले आणि कॅलिपर आपल्या हातानं चांगल्या पायावर चढवलं. नेमकं बसलं. भिंतीला धरून ती त्या पायावर उभी राहिली. तशी ती आधीही राहायचीच.

"बसते न, बाबा! पाहा! लय चांगलं केलं तुमी."

देवमननं खिशातून मापाची टेप काढली. "आन तो पाय इकडे. दुसरं करून आनतो."

तिनं परकर खाली ओढला. "तो राहू द्या. तो तुमाले पाहवत नाही."

"पाहवते मले. काहून नाही पाहवनार?" देवमन म्हणाला. पण म्हणताना त्याची नजर टेपच्या आकड्यांवर होती, आणि पोरगी त्याच्या नजरेकडे पाहत होती.