‘फ्री’चा तिसरा अर्थ

शब्दकोशाच्या कचेरीत तिला सगळे वहिनी म्हणत. नवऱ्याला जाऊन एकवीस दिवस झाले आणि बाविसाव्या दिवशी वहिनी कामावर हजर. मागे कुजबुज झालीच, काय काळीज आहे बाईचं! काळीज कसलं डोंबलाचं. घरी असती तर भिंतीकडे बघत बसली असती. इथे निदान भिंतीला कपाटं होती.

मराठी बोलण्यात रोज येणाऱ्या इंग्रजी शब्दांचा कोश चालला होता आणि तिच्या वाट्याला आला होता ‘फ्री’. कचेरीचा नियम कडक. मनाने रचलेलं वाक्य चालायचं नाही. कानाने ऐकलेलं हवं, आणि ऐकल्याबरोबर चिठ्ठीवर उतरवलेलं. पुढे वाक्य, मागे कोण बोललं, कधी बोललं आणि समोरच्याने काय उत्तर दिलं. चिठ्ठी नाही तर अर्थ कोशातून बाद.

फुकट या अर्थाच्या चिठ्ठ्या पोत्याने होत्या, दुकानदारांची कृपा. मोकळ्या स्वभावाचं माणूस, याच्या चार. ‘आमची सून अगदी फ्री आहे, मनात काही ठेवत नाही,’ असं शेजारीण म्हणाली होती. तिसरा अर्थ, हातात काम नसलेला. तिथे एकच चिठ्ठी, वहिनींच्याच अक्षरातली.

“वहिनी, ‘फ्री’ आज छापायला जायला हवा,” संपादक म्हणाले. त्यांना पाठीमागे कात्री म्हणत. लोकांची पानंच्या पानं ते हसत हसत कापायचे. “तिसऱ्याची चिठ्ठी आहे ना?”

“आहे.”

“मग द्या की.”

“उद्या देते.”

कात्रींनी तिच्याकडे पाहिलं. “बरं, उद्या,” म्हणाले आणि गेले.

चिठ्ठीवरची तारीख नवरा गेला त्या दिवसाची होती. वेळ दुपारची दोन दहा. त्याचा फोन आला होता. तिने “आत्ता नाही” म्हणून ठेवला आणि लगेच पेन उचललं. महिनाभर तिसऱ्या अर्थाचं वाक्य मिळत नव्हतं, आणि हे कसं आयतं, नेमकं मिळालं! बाई खूश झाली हो. सावकाश चिठ्ठी लिहिली, शाई वाळू दिली. चांगली दोन मिनिटं गेली त्यात. चार वाजता तो त्याच्या ऑफिसच्या जिन्यात कोसळला.

घरी सासूबाई रोज एकच विचारायच्या. “शेवटचं काय बोलला गं तो?” आणि ही रोज सांगायची, “सकाळी डबा घेऊन गेला. नंतर फोनच नाही आला.” एकवीस दिवस हेच. सांगताना जीभही अडखळत नव्हती. दात काढल्यावर गाल बधिर असतो ना, चावला तरी कळत नाही, तसं तिचं झालं होतं. पण उद्या चिठ्ठी दिली की परत मिळणार नव्हती, आणि म्हातारीला खरं सांगायचं तर आजच.

त्या संध्याकाळी ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात गेली. सासूबाई लसूण सोलत होत्या.

“आई, मी खोटं बोलले. फोन आला होता त्याचा.”

लसूण सोलणं थांबलं. तिने चिठ्ठी काढली आणि कचेरीत वाचून दाखवावी तशी वाचली.

“‘फ्री आहेस का गं? दोन मिनिटं.’”

“आणि तू?”

तिने चिठ्ठी उलटली. “‘उत्तर : आत्ता नाही.’”

“काय सांगायचं होतं त्याला?”

“विचारलं नाही मी.”

आता त्या ओरडतील, निदान समोरचं लसणाचं ताट आपटतील, असं तिला वाटलं. आपटावं, म्हणजे काहीतरी आवाज तरी होईल, असंही वाटलं. सासूबाईंनी पदराला हात पुसले.

“परत वाच. मागचं नको. नुसतं त्याचं.”

तिने वाचलं. “‘फ्री आहेस का गं? दोन मिनिटं.’”

“आहे रे राजा,” सासूबाई म्हणाल्या. “बोल ना.”

दोघी थांबल्या. मग सासूबाईंनी पुढची पाकळी उचलली, आणि ती चप्पल काढायला बाहेर गेली.