वाल सोलेपर्यंत

ठमीनं साहेबांच्या हातातली रिकामी बाटली काढून घेतली आणि ओट्यावर ठेवून दिली.

"आधी जेवन. मंग पानी."

"आजी, पाच मिनिटांचं काम आहे. बांधावरून बाटली सोडायची, भरायची, निघायचं."

"काल माजी एकादशी व्हती. आज बारस सोडायची हाय. पावना दारातून उपाशी गेला, तर माज्या तोंडात घास जायाचा न्हाय."

उभ्या जन्मात ठमीनं एकादशी केली नव्हती. कालच दुपारी तिनं चुलीत सुके बोंबील भाजले होते. खाटेवर बसलेल्या काळूरामनं, तिच्या नवऱ्यानं, घाईघाईनं छपराकडे पाहिलं आणि तो खोकत राहिला.

साहेब पलीकडच्या वीज प्रकल्पाचे. दिवाळीच्या तोंडावर प्रकल्पाच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि सगळा करडा रेंदा खाडीत उतरला. तेव्हापासून खाडीचं पाणी आत घेणारी मिठागराची झडप बंद होती आणि यंत्रं गाळ उपसत होती. आता म्हणे खाडी साफ झाली. आज झडपेपाशी पाण्याचा नमुना घेतला, की यंत्रं परत जाणार. आणि नमुना घ्यायचा कधी, तर सकाळी दहाला, भरतीचं निवळशंख पाणी मिठागराच्या बांधाला टेकलेलं असताना. तळाशी बसलेली राख त्या बाटलीत कशाला येते? यंत्रं गेल्यावर झडप उघडली, की मात्र ती थेट मिठात येणार होती. सासूच्या हाताखाली पायांनी तुडवून तुडवून ठमीनं त्या मिठागराची जमीन घट्ट केली होती. तिथं करडं मीठ पिकलेलं ती बघणार नव्हती.

भुकेल्या म्हातारीपुढं साहेबांचं काही चालेना. "बरं, पण लवकर," म्हणत ते बसले.

ठमीनं मोड आलेल्या वालांचं पातेलं पुढं ओढलं. साहेब येणार हे कळलं, तेव्हा परवाच तिनं ते भिजत घातले होते. वालाचं बिरडं करायचं म्हणजे एकेक दाणा सोलणं आलं.

"द्या आजी, मीही सोलते." बाटल्यांची पेटी घेऊन आलेली प्रयोगशाळेतली हेमाली शेजारी येऊन बसली.

चार हातांनी काम तासाभरात उरकलं असतं आणि पाणी उतरायच्या आत साहेब बांधावर पोचले असते. पण पोरगी अगदीच अनाडी निघाली. एक दाणा घ्यायची, उलटासुलटा करायची, मग कुठं साल काढायची. मध्येच भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी बघत बोटं मोजत बसायची. शहरातल्या पोरींना कोण शिकवणार, असं वाटून ठमीला तिची कीवच आली.

एक वाजून गेल्यावर बिरडं शिजलं. साहेबांनी दोन घासांत भाकरी संपवली आणि ते गाडीत जाऊन हॉर्न वाजवू लागले. हेमाली मात्र तिसरी भाकरी मागून घेऊन निवांत जेवत होती.

सगळे बांधावर पोचले तेव्हा दोन वाजत आले होते. झडपेपुढं पाणी नव्हतंच. दूरवर एक बारीक धार उरली होती आणि तिच्यापर्यंत नुसता करडा, गुळगुळीत रेंदा पसरला होता.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी येऊ."

"तारीख आजची आहे, साहेब," हेमाली म्हणाली. "जे आहे ते घेते."

तिनं चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ती खाली उतरली. टाच न रुतवता, पाऊल आडवं सरकवत ती चालत गेली. खाडीत वाढलेली माणसंच तशी चालतात. ठमी टक लावून तिच्या पावलांकडे बघत राहिली.

दोन बाटल्या तळच्या गाळानं भरून हेमाली वर आली. तिनं चिठ्ठीवर वेळ लिहिली, बाटल्यांना बूच लावलं.

ठमी तिच्याजवळ गेली. "पोरी, वाटंला भाकर बांधून देऊ?"

"नको आजी." हेमाली खाली वाकून पायांची राख पुसत होती. "पोट पहिल्याच भाकरीला भरलं होतं."